सांगलीच्या वाईन शॉपमधलं गिऱ्हाईक बदललंय का?

गणपतीपेठ

नमस्कार मंडळी. सांगली-मिरजेतल्या काही दुकानांचे हिशेब मी बघतो. हळदीचे अडते, किराणा, औषधांची दुकानं, आणि त्यातच एक वाईन शॉप आणि एक बिअर शॉपी. त्यामुळे कुठली बाटली किती गेली हे दर महिन्याला नजरेखालून जातं. पेपरात वरचेवर येतं की लोक आता कमी पितात पण भारीतलं पितात. आमचं स्टॉक रजिस्टर याला अर्धंच हो म्हणतं. उरलेल्या अर्ध्याबद्दल हा धागा. दारू चांगली की वाईट हा विषय नाही, तरी ती चर्चा होणारच हे धरून चाललोय.

आधी दर. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने उत्पादन शुल्क वाढवलं. ज्या 'इंग्लिश'चा निर्मितीखर्च कंपनी लिटरमागे २६० रुपयांपर्यंत दाखवते, तिच्यावर त्या खर्चाच्या तिप्पट शुल्क होतं ते साडेचारपट झालं. देशीवर प्रूफ लिटरला (दारूच्या कडकपणावरून मोजलेल्या लिटरला) १८० रुपये होतं ते २०५ झालं. आणि १८० मिलीच्या क्वार्टरचे किमान दर ठरले: देशी ८०, 'महाराष्ट्र मेड लिकर' नावाचा नवीन प्रकार १४८, इंग्लिश २०५, प्रीमियम विदेशी ३६०. बिअर आणि वाईनला हात लावला नाही.

काउंटरवर याचं काय झालं ते सांगतो. पूर्वी सगळ्यात खालच्या फळीवर एकशेवीसपासून दीडशेपर्यंतच्या दरांत बरेच ब्रँड असायचे. खिशात किती आहेत त्यावर ब्रँड ठरायचा. ते सगळे एकदम २०५ च्या रेघेवर येऊन उभे राहिले. दर एकच म्हटल्यावर अनोळखी नाव कोण घेणार? निव्वळ स्वस्त म्हणून खपणारे ब्रँड रजिस्टरात शिल्लक म्हणून पुढच्या महिन्यात ओढले जायला लागले, आणि नावाजलेल्या ब्रँडचा खप वाढलेला दिसायला लागला. कंपनीचा माणूस याला 'अपग्रेड' म्हणतो. अहो, खालची पायरीच काढून घेतली तर माणूस वरच्या पायरीवर पाय ठेवणारच की. त्यात आवड कुठे आली?

बरं, सगळेच वर चढले असंही नाही. संध्याकाळी साडेसातनंतर येणारं रोजचं क्वार्टरचं गिऱ्हाईक फुटलं. काही जण देशीच्या दुकानाकडे वळले. पूर्वी जे उघड वळायला लाजायचे तेही. काहींनी दिवस कमी केले: रोजच्याऐवजी एक दिवसाआड. आणि दोघांत एक क्वार्टर घेणारे वाढले. एक जण पैसे देतो, दुसरा पन्नासच्या दोन नोटा त्याच्या हातात कोंबतो, आणि तिथेच शेजारच्या गाड्यावरून भडंगाची पुडी.

वरच्या फळीची गोष्ट मात्र खरी आहे, ती नाकारत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये राज्याने आयात स्कॉचवरचं शुल्क निर्मितीखर्चाच्या ३०० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर आणलं, तेव्हापासून सांगलीतही स्कॉच दुकानातून घेतली जाते. त्याआधी 'कुणीतरी दुबईहून येतंय' याची वाट बघायची पद्धत होती. दुसरं म्हणजे भारतीय सिंगल माल्ट व्हिस्की. बंगळुरूच्या अमृतने आपली सिंगल माल्ट २००४ मध्ये आधी ग्लासगोत विकायला काढली, आपल्याकडे ती बऱ्याच उशिरा दिसली. २०२३ मध्ये हरियाणाच्या इंद्री व्हिस्कीच्या दिवाळी आवृत्तीला अमेरिकेतल्या एका स्पर्धेत सर्वोच्च किताब मिळाला आणि तो फोटो वॉट्सॅपवर फिरला. त्या हिवाळ्यात गिऱ्हाईक नाव न घेता मोबाइलच दाखवायचं, "ही आहे का?" द्राक्ष निर्यातीतले लोक, मिरजेचे डॉक्टर, बिल्डर. बाटल्या थोड्याच जातात, पण एका बाटलीत सुटणारा पैसा बघितला तर मालकाचं लक्ष तिकडेच असणार.

आणि एक मजा. वाईन शॉपमध्ये क्यूआर कोडचा स्पीकर बसवला होता. गिऱ्हाईकाने पैसे भरले की तो मोठ्या आवाजात सांगायचा, "दोनशे पाच रुपये प्राप्त झाले." दोन दिवसांत तक्रारी. रस्त्यावर उभ्या असलेल्या व्याह्याला कळतं हो, कुठली घेतली ते. शेवटी स्पीकर काउंटरच्या खाली, खोक्यात ठेवला. तरी पन्नाशीच्या पुढचं गिऱ्हाईक पुन्हा रोखीवर गेलंय. बँकेचं पासबुक घरात कोण बघतं हा मुद्दा आहे.

तुमच्याकडे काय दिसतंय?

म्हैसाळकर

साहेब, तुमचं गिऱ्हाईक देशीकडं गेलं न्हाई, निम्मं कागवाडला गेलंय. आमच्या हितनं शीव वलांडली की कर्नाटक. तिकडं ९० मिलीचं टेट्रा पॅक मिळतंय, पोरांच्या आंब्याच्या ज्यूससारखं दिसतंय बघा. फुटत न्हाई, वाजत न्हाई, वरच्या खिशात बसतंय. रानात कामाला जाणाऱ्या माणसाला काचेची बाटली सांभाळत बसायचं काम न्हाई. तिकडं २००७ ला सारायी, म्हंजी तिकडची स्वस्त दारू, बंद झाली, तवापासनं खालचा सगळा माणूस ह्या पाकिटावर आलाय.

तिकडं बी दर वाढलेत, न्हाई असं न्हाई. पण आमच्याकडचा २०५ चा आकडा बघितला की माणूस गाडीला किक मारतोय.

गणपतीपेठ

म्हैसाळकर, हे रजिस्टरात दिसत नाही म्हणून लिहिलं नव्हतं, पण तुमचं बरोबर आहे. मिरजेच्या दुकानाचा आणि विट्याच्या दुकानाचा कल वेगळा लागतो त्याचं हे एक कारण असणार. फक्त वाचणाऱ्यांसाठी: तिकडे बसून पिणं वेगळं आणि परराज्यातला माल इकडे आणणं वेगळं. दुसऱ्यात गाडीसकट जप्ती होते. गोव्याच्या मालाचंही तेच. आंबोलीमार्गे येणाऱ्या खोक्यांच्या बातम्या आपण वाचतोच.

सावळज_रोड

मी द्राक्षवाला. तुमच्या पूर्ण लेखात वाईन हा शब्द 'वाईन शॉप' यातच आलाय आणि एकदा 'हात लावला नाही' म्हणून. यातच सगळं आलं. वाईन शॉपमध्ये वाईन सोडून सगळं विकलं जातं.

आमच्या जिल्ह्याची कथा थोडी सांगतो, कारण बाहेरच्यांना वाटतं सांगली म्हणजे द्राक्ष, द्राक्ष म्हणजे वाईन. राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं २००१ मध्ये. त्यात नाशिकला विंचूर आणि आपल्याकडे पलूसला कृष्णा व्हॅली वाईन पार्क. नाशिकला कंपन्या होत्या, मुंबई जवळ, पर्यटक येणारे. पलूसला प्लॉट पडले, बोर्ड लागले. त्या वेळी वाईनच्या जातींची लागवड करा म्हणून मागे लागले होते. शिराज, कॅबर्नेट, चेनिन ब्लाँ. आमच्यातल्या काहींनी लावल्या. २००८-०९ ची मंदी आली, वायनऱ्यांकडे माल पडून राहिला, करार केलेले लोक फोन उचलेनात. लोकांनी बागा काढल्या किंवा वरून खायच्या थॉमसन द्राक्षाचं कलम केलं.

कुणी विचारतं, मग थॉमसनचीच वाईन करा की. होत नाही हो. खायच्या द्राक्षाला आम्ही जिब्रेलिक अॅसिड देऊन मणी फुगवतो, साल पातळ, बी नाही, पाणी जास्त. वाईनला लहान मणी लागतो, जाड साल, बी, आणि रंग-चव सालीतच असते. तासगावच्या सोनाक्का जातीला बेदाण्याच्या सौद्यात भाव मिळतो, तिथे ते शोभून दिसतं. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकनही आहे. मग वाईनच्या मागे कोण लागणार?

जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमध्ये वाईन ठेवायचा निर्णय झाला तेव्हा पुन्हा थोडी आशा होती. शेतकऱ्याच्या नावाने निर्णय झाला, शेतकऱ्याच्या नावानेच विरोध झाला, आणि आम्हाला दोन्ही बाजूंनी कुणी विचारलं नाही. पुढे तो गुंडाळला गेला.

अजिंक्यतारा_पायथा

साताऱ्याहून. तो विरोध आमच्याकडे चांगलाच रंगला होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये कीर्तनकार बंडातात्या कराडकरांनी साताऱ्यात आंदोलन केलं, वारकरी मंडळी रस्त्यावर. मी स्वतः माळकरी घरातला आहे, त्यांची भूमिका समजते. पण एक गोष्ट खटकली. किराणा दुकानात वाईन आली तर पोरं बिघडतील म्हणणाऱ्या गावात देशीचं दुकान शाळेच्या वाटेवर होतं. त्यावर मोर्चा नव्हता.

धाग्याच्या विषयावर: आमच्याकडे गिऱ्हाईक बदललं ते महामार्गामुळे. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको असा आदेश दिला. २० हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी नंतर हे अंतर २२० मीटर केलं. पुणे-बंगळूर रस्त्यावर खंबाटकीपासून कराडपर्यंत जी दुकानं आणि परमिट रूम होत्या त्या १ एप्रिल २०१७ ला एकदम बंद. पुढे शहरातल्या रस्त्यांना ढील मिळाली, पण तोवर काही जण आतल्या गल्लीत सरकले होते. पूर्वी ट्रकवाला आणि मुंबईहून गावी येणारा माणूस हे मोठं गिऱ्हाईक. ते गेलं, त्याच्या जागी शनिवार-रविवारचा पुणेकर आला. महाबळेश्वर, पाचगणी, कास. तो क्वार्टर घेत नाही. बिअरचे कॅन, ब्रीझर, एखादी जिन, बर्फाची पिशवी. आणि पेपर ग्लास.

त्यातले कॅन आणि काचा यवतेश्वरच्या वळणांवर कोण उचलतं ते विचारू नका. फुलांच्या हंगामात तर रविवारी संध्याकाळी बघवत नाही.

चकणा_उधार

भडंग हाच खरा प्रीमियम. दर वाढला तरी गिऱ्हाईक तुटत नाही. बाकी चालू द्या.

मृण्मयी_विश्रामबाग

काउंटरच्या अलीकडची बाजू लिहिते. मी आणि नवरा महिन्यातून एखाद्या वेळी घरी वाईन घेतो. दुकानात मीच जाते, कारण त्याला काय घ्यायचं ते कळत नाही. लोखंडी जाळी, जाळीला एक चौकोनी भोक, भोकासमोर पंधरा पुरुष. मी गेले की रांग आपोआप बाजूला होते. हा आदर नाही, अवघडलेपण आहे. आतला मुलगा बाटली दाखवायच्या आधीच वर्तमानपत्रात गुंडाळतो. लेबल वाचायचं म्हटलं की पुन्हा सोडायची. एकदा मी विचारलं, यातली कोरडी कुठली आणि गोड कुठली? तो म्हणाला, "मॅडम, सगळ्या ओल्याच असतात."

पुण्यात भावाकडे गेले की तिथे आत शिरून, फळीवरून हाताने उचलून बघता येणारी दुकानं आहेत. तिथे बायका दिसतात, सहज दिसतात. माझा प्रश्न मालकांना आहे: सांगलीत बायका घेत नाहीत म्हणून तुम्ही जाळी ठेवता, की जाळी आहे म्हणून बायका येत नाहीत?

गणपतीपेठ

मृण्मयीताई, "सगळ्या ओल्याच" हे मी त्या मालकाला वाचून दाखवणार आहे.

जाळीचं उत्तर परवान्यात आहे असं मला वाटतं. राज्याने सत्तरच्या दशकापासून वाईन शॉपचे नवे परवाने देणं थांबवलं. जे आहेत तेच फिरतात, विकत घेतले जातात, एका गावातून दुसरीकडे हलवले जातात. गाव चौपट झालं, दुकानं तेवढीच. मग शेजारी नवीन कुणी चकचकीत दुकान काढून आपलं गिऱ्हाईक पळवेल ही भीतीच नाही. ज्या धंद्यात स्पर्धक उगवू शकत नाही त्यात जाळी कोण काढेल? बिअर शॉपीचं वेगळं आहे. ते परवाने मिळतात, म्हणून तिथे स्पर्धा आहे, म्हणून तिथे काचेचे फ्रिज, उजेड, एसी. फरक डोळ्यांनी बघून घ्या. एकाच गल्लीत दोन्ही असतील तर आणखी चांगलं.

यावर कुणी म्हणेल, मग परवाने खुले करा. त्याला राजकीय हिंमत लागते आणि गावात निवडणूक असते. मार्च २०२५ मध्ये तर उलट दिशेने निर्णय जाहीर झाला: सोसायटीच्या गाळ्यात नवीन बिअर शॉपी किंवा दारूचं दुकान यायचं तर सोसायटीचं ना-हरकत पत्र लागणार.

टेबल_नंबर_चार

परमिट रूमवाल्याची व्यथा कुणी ऐकणार का? दुकानात एमआरपीला मिळतं, आमच्याकडे त्यावर व्हॅट. तो २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये पाचाचा दहा टक्के केला. वर परवाना शुल्कवाढ, वर जून २०२५ ची शुल्कवाढ. १४ जुलै २०२५ ला राज्यभर बार बंद ठेवून निषेध केला. काय झालं? दुसऱ्या दिवशी उघडले.

गिऱ्हाईकाचं म्हणाल तर आमच्याकडचं टेबल पातळ झालंय. पूर्वी चार जण यायचे, दोन तास बसायचे, मालकालाही बरं वाटायचं. आता दुकानातून घेतात आणि बांधावर नाहीतर कुणाच्या तरी शेडवर बसतात. उरलेले ढाब्यावर. तिथे परवाना नाही, व्हॅट नाही, पोलीस आले तर डबा उचलून मागच्या दाराने. आम्ही कायद्याने चाललो म्हणून आम्ही मूर्ख.

आता जे येतात ते जेवायला येतात. कुटुंबाचा विभाग वेगळा केला, तो भरतो. काळं मटण, भाकरी, आणि सोबत एखादी बिअर. बिलात दारूचा वाटा निम्म्याच्या वर असायचा, आता ताटाचा वाटा वर गेलाय. श्रावणात आम्ही पूर्वी रडायचो. आता शाकाहारी थाळी लावली, तर श्रावणातही घर चालतं. गटारीच्या एका दिवसावर महिना काढायचे दिवस संपले.

सांगलीकर_पुण्यात

गणपतीपेठ यांचं 'पायरी काढून घेतली' हे क्वार्टरबद्दल पटलं, पण सगळ्याला लावू नका. आमच्या वयाच्या लोकांची आवड खरंच बदलली आहे. माझे मित्र सांगलीचेच आहेत, काही तिथेच कुपवाड एमआयडीसीत नोकरीला. आठवडाभर कुणी पीत नाही. जिम आहे, सकाळची शिफ्ट आहे. शनिवारी एकदा, आणि तेव्हा स्वस्तातलं नको असतं. गोव्यात २०१७-१८ च्या सुमारास ज्या भारतीय जिन निघाल्या त्या आधी पुण्यात आल्या, आता सांगलीतही मिळतात. टॉनिक मात्र मिळत नाही, ते डी-मार्टमध्ये शोधावं लागतं. ही गोष्ट शुल्काने झालेली नाही. इन्स्टाग्रामने झाली म्हणा हवं तर.

दुसरं, झिरो म्हणजे बिनअल्कोहोलची बिअर. ज्याला गाडी चालवायची आहे तो ती घेतो, आणि ग्लास हातात असल्यामुळे कुणी "अरे घे की एक" करत नाही. पूर्वी न पिणाऱ्याला थम्सअप घेऊन कोपऱ्यात बसावं लागायचं.

आणि हो, आमच्यातले बरेच जण व्हिस्कीऐवजी बिअरवर आहेत. हलकं म्हणून.

वारणाकाठ

मी मिरजेत व्यसनमुक्तीच्या समुपदेशनाचं काम करते. धाग्याच्या पहिल्याच परिच्छेदात आम्हाला दाराबाहेर उभं केलंय ते दिसलं, तरी आत येते.

'हलकं म्हणून बिअर' हे वाक्य मी रोज ऐकते. जरा हिशेब करू. ६५० मिलीची स्ट्राँग बिअर ८ टक्क्यांची. दोन बाटल्यांत १०४ मिली शुद्ध अल्कोहोल. ४२.८ टक्क्यांच्या एका क्वार्टरमध्ये ७७ मिली. आता सांगा हलकं कुठलं. आपल्याकडे बिअर म्हणजे स्ट्राँगच खपते, माइल्ड मागणारा विरळा, हे हिशेबवाले दादा सांगतीलच. बिअरवर शुल्क वाढवलं नाही म्हणून माणूस तिकडे वळला तर सरकारची आकडेमोड बरोबर येईल, यकृताची येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलंय की मद्याचं कुठलंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही.

दुसरा मुद्दा तुमच्या 'देशीच्या दुकानाकडे वळले' या तीन शब्दांचा. ते तीन शब्द माझ्याकडे माणूस म्हणून येतात. इंग्लिश परवडेना म्हणून देशीवर गेलेला माणूस पैसे वाचवत नाही. २०५ ची एक क्वार्टर घेणारा ८० च्या दोन घेतो, ४५ रुपये वाचवल्याच्या समाधानात दुप्पट पितो. ऊसतोडीच्या हंगामात तर टोळ्यांमध्ये उचल कापून देशीची उधारी चालते. कोयता बायकोच्या हातात आणि हिशेब मुकादमाच्या वहीत. दर वाढवल्याने पिणं कमी होतं हे सरासरीत खरं असेल, पण पायऱ्या इतक्या लांब लांब ठेवल्या की माणूस खाली घसरतो.

'आडवी बाटली', म्हणजे दारूचं दुकान बंद करण्यासाठीचं मतदान, याबद्दलही कुणीतरी लिहायला हवं म्हणून लिहिते. २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या किंवा प्रभागातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या केल्या की गुप्त मतदान घेता येतं. पण दुकान बंद व्हायला एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. आलेल्यांच्या नव्हे, यादीतल्या. म्हणजे लग्न होऊन गेलेली, मुंबईला असलेली, मयत होऊनही यादीत राहिलेली बाई आपोआप दुकानाच्या बाजूने धरली जाते. मतदानाला आलेल्या बायकांनी एकमुखाने आडवी केलेली बाटली या गणिताने उभी राहते. मी मतदानाच्या दिवशी रिक्षा फिरवल्या आहेत, म्हणून सांगते.

सांगलीकर_पुण्यात

१०४ आणि ७७ चा हिशेब ग्रुपवर टाकला. शांतता आहे.

गणपतीपेठ

वारणाकाठ, दाराबाहेर उभं करायचा हेतू नव्हता. माइल्डचं विचारलंत: आमच्या शॉपीत माइल्डचे क्रेट मागवताना मालक दोनदा विचार करतो, स्ट्राँगचे फोनवर सांगून मोकळा होतो. उन्हाळ्यात फ्रिजच्या पुढच्या रांगा सगळ्या स्ट्राँगच्या.

८० च्या दोन क्वार्टरचा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता, आणि तो बरोबर वाटतो. मधली जी १४८ ची पायरी आहे ती यासाठीच ठेवली असं सांगितलं जातं. 'महाराष्ट्र मेड लिकर' धान्यापासून करायची, राज्यातल्याच उत्पादकांनी करायची, म्हणजे बंद पडलेल्या डिस्टिलऱ्यांना काम मिळेल. कागदावर ठीक आहे. काउंटरवर अडचण अशी की गिऱ्हाईक ब्रँड मागतं, प्रकार मागत नाही. 'मराठी दारू द्या' असं कुणी म्हणत नाही. नवं नाव रुळायला वेळ लागतो आणि जाहिरात करता येत नाही. सोडा आणि सीडीच्या नावाने जाहिराती करायला मोठ्या कंपन्यांकडे पैसा आहे, छोट्या डिस्टिलरीकडे कुठला?

मोठ्या कंपन्यांतही उलथापालथ चाललीय. जुलै २०२५ मध्ये इम्पेरियल ब्लू विकत घ्यायचा करार श्रीरामपूरच्या टिळकनगर इंडस्ट्रीजने केला. मॅन्शन हाऊस ब्रँडीवाले. आपल्याकडची कंपनी एवढा मोठा व्हिस्कीचा ब्रँड घेते, आणि का घेते? सगळं जग 'प्रीमियम' म्हणत असताना त्यांना सर्वसामान्याच्या फळीत अजून धंदा दिसतो. मला हा सौदा पेपरातल्या दहा लेखांपेक्षा जास्त बोलका वाटतो.

स्कॉचचं विचारणारे दोन व्यनि आले, त्यांना इथेच: ब्रिटनशी करार २४ जुलै २०२५ ला झाला. त्यात व्हिस्कीवरचं आयात शुल्क १५० वरून ७५ टक्के आणि मग दहा वर्षांत ४० टक्के व्हायचंय. पण ते केंद्राचं सीमाशुल्क झालं. राज्याचं उत्पादन शुल्क आणि व्हॅट वेगळे. दारू जीएसटीत नाही. त्यामुळे ब्रिटनमध्ये सह्या झाल्या म्हणून उद्या गणपती पेठेत बाटली निम्म्याने मिळेल अशी गिऱ्हाईकांची समजूत आहे, तसं होणार नाही.

म्हैसाळकर

ते परवान्याचं काय ओ? प्यायला बी परवाना लागतोय म्हंत्यात. आमी तर कदी काडला न्हाई.

टेबल_नंबर_चार

लागतो. १९४९ चा दारूबंदी कायदा अजून आहे, आपण सगळे परवान्यावर पितो. एक दिवसाचा देशीला २ रुपये, इंग्लिशला ५. वर्षाचा १००, आजीवन १०००. बिअरला वय २१ पूर्ण, कडक दारूला २५. गाडीत बाटली घेऊन जाताना कुणी अडवलं तर आजीवन परवाना उपयोगी पडतो, उत्पादन शुल्क खात्याच्या संकेतस्थळावर अर्ज करता येतो. पण म्हैसाळकर, तो महाराष्ट्रात घेतलेल्या बाटलीला. तुमच्या पाकिटाला नाही.

म्हैसाळकर

कळलं.

सावळज_रोड

गणपतीपेठ, एक विचारायचं राहिलं. वाईनची ७५० मिलीची बाटली घरात उघडली की दोन माणसांना संपत नाही, आणि चार दिवसांनी चव जाते. म्हणून लोक घेत नाहीत असं मला वाटतं. ३७५ ची हाफ कितपत जाते?

मृण्मयी_विश्रामबाग

सावळज_रोड यांना दहा वेळा अनुमोदन. आम्ही उरलेली वाईन फ्रिजमध्ये ठेवतो आणि चौथ्या दिवशी ओततो. हाफ असेल तर महिन्यातून दोनदा घेऊ.

गणपतीपेठ

रजिस्टर उघडून बघितलं. वाईन शॉपमध्ये हाफ येते तेव्हा आठवड्यात संपते, पण येतेच क्वचित. वितरक म्हणतो हाफ हवी तर पूर्ण खोकं मिश्र मिळणार नाही, एकाच प्रकारची घ्या. मालकाला लाल-पांढरी दोन्ही थोडी थोडी हवी असते, मग तो मागवतच नाही. शॉपीवाल्याशी बोललोय. त्याच्या फ्रिजमध्ये खालचा एक कप्पा रिकामा आहे, तो तयार आहे. सावळज_रोड, पलूसकडे कुणी अजून हाफ भरत असेल तर सांगा. नंबर इथे नको, व्यनि करा.